आयटीआयचा कागद आणि आप्पाची सही

आयटीआयची यादी लागली त्या संध्याकाळी कोल्हापुरात मिरजकर तिकटीच्या कट्ट्यावर दुसरा विषय निघणारच नव्हता. दिप्याच्या पोराला कळंब्याला टर्नर ट्रेड, म्हणजे लेथ मशीनचं काम, मिळाला. दिप्या पेढे घेऊन आला आणि आप्पानं पेढा तोंडात असतानाच सुरुवात केली.

"टर्नर? दोन वर्षं फुकट घालवणार लेका पोरगं. माझ्याकडं लाव. सहा महिन्यांत मशीनवर उभं करतो."

आप्पाचं गोकुळ शिरगावला वर्कशॉप आहे आणि त्याचं भाषण कट्ट्याला पाठ आहे. पोरांच्या हातातला मोबाईल सुटत नाही, कागद घेऊन येतात आणि मशीनच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, साधा जॉब बांधता येत नाही. त्यानंतर ठरल्याप्रमाणे म्हादबा मेस्त्री, कोल्हापुरात इंजिनं बनवणारे जुने कारागीर. "त्यांच्याकडं कुठला कागद होता रं? इंजिनं झालीच न्हवं कोल्हापुरात?"

"म्हादबा मेस्त्री एकच झाले, आप्पा," पिंट्या म्हणाला. "तुझ्याकडं सहा महिन्यांवाले किती झाले?"

पिंट्या आयटीआय टर्नर, अप्रेंटिस केलेला, आता शिरोलीत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, सेटर. तो कमी बोलतो, पण कामावर बोलायला लागला की ऐकत राहावं.

"मागं तुझा लॉट आमच्याकडनं परत आला, आठवतंय? बोअर, म्हणजे आतलं भोक, 25 एच7. म्हणजे 25.000 ते 25.021 मिलिमीटर. सगळी मिळून 21 मायक्रॉनची सूट. तुझा गडी व्हर्नियर घालून बघत होता. व्हर्नियरचं सगळ्यात बारीक मापच 0.02, म्हणजे 20 मायक्रॉन. मापलं काय त्यानं, नशीब? तिथं बोअर गेज नाहीतर प्लग गेज लागतोय. हे वर्गात शिकवतात, मर्दा. मशीनवर नुसतं उभं राहून कळत न्हाई."

आप्पानं दुसरा पेढा उचलला.

बाळ्यानं मात्र आयटीआयची पण काढली. तो वायरमन. त्याच्या वेळी अर्ध्या गोष्टी फळ्यावरच झाल्या, वस्तू हातात आली ती नोकरी लागल्यावर. "पण कागद नसता तर महावितरणचा विद्युत सहाय्यकाचा फॉर्मसुद्धा भरता आला नसता," हेही त्यानंच सांगितलं. मला हे दोन्ही पटतं. कागदानं दार उघडतं, हात तयार व्हायला मशीन लागतं. आणि ते मशीन आप्पासारख्यांच्या शेडमध्ये आहे, तिथंच खरी गोम आहे.

पिंट्या नेमका तिथंच गेला. "तुझ्याकडं तीसच्या वर माणसं, म्हणजे अप्रेंटिस घ्यायलाच लागतात. आयटीआयवाल्याला 2019 च्या नियमानं महिन्याला कमीत कमी 7000 रुपये ठरले होते. त्यातले 1500 पर्यंत सरकार उचलतंय. आणि तू पोराला काय शिकवलंस? बर काढायला आणि ट्रॉली ढकलायला. वर्ष संपलं की शिकवलं म्हणून सही तुझीच. मग कागद खोटा म्हणतोस, तर सही कुणाची खोटी?"

कट्टा गप्प. आप्पा म्हणाला, "ऑर्डरी असतात रं, शिकवत बसायला येळ कुणाला हाय?" तेवढं एकच त्या दिवशी तो खरं बोलला. पोरगं चार महिने लेथला लावलं तर उत्पादन पडतं, हे नाकारून चालणार नाही. पण मग दोष पोराच्या शिक्षणावर ढकलू नये. शिकवायचं नाही, पगार हेल्परचा द्यायचा आणि वर म्हणायचं पोरांना काही येत नाही. दिप्याच्या पोराच्या वाट्याला असला मालक येऊ नये, एवढंच मला वाटत होतं.

तेवढ्यात बाळ्याला जुनं दुखणं आठवलं. "आप्पा, तुझ्या पुतणीसाठी माझं स्थळ आलं तवा काय म्हणालास? 'नुसता आयटीआय? डिग्रीवाला बघू.' कामाला कागद लागत न्हाई आणि लग्नाला लागतोय व्हय?"

हसून सगळ्यांची मुरकुंडी. आप्पा लालबुंद. "तू गप! शाहू स्टेडियमवर भर मॅचमध्ये स्वतःच्याच गोलात बॉल घातलास, तुला पोरगी देणार व्हतो?"

"तो पिंट्याला लागून गेला!"

"मी कॉर्नरला उभा होतो," पिंट्या म्हणाला, "दुसऱ्या टोकाच्या."

मग तालमीच्या संघाची आख्खी मॅच पुन्हा खेळून झाली, रेफ्रीचा उद्धार झाला, आणि टर्नर ट्रेड राहिला बाजूला.