माझी बाग संध्याकाळी सातला उघडते

परवा पुण्याच्या मैत्रिणीला व्हिडिओ कॉलवर गच्ची दाखवली. दुपारचे तीन वाजले होते. ती म्हणाली, "अगं, तू एवढं बागेचं कौतुक सांगतेस आणि फूल तर एकही दिसत नाही!" खरंच दिसत नव्हतं. हिरव्या नेटखाली जास्वंदीने माना टाकलेल्या, सकाळी फुललेलं ऑफिस टाइमचं फूल मिटत आलेलं, कठड्यावरची बोगनवेल तेवढी रंगात. तिला म्हटलं, संध्याकाळी सातला फोन कर. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं.

मी अकोल्यात राहते. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला की रात्री दहालासुद्धा गच्चीची फरशी पायाला चटका देते. अशा गावात फुलझाडं लावायची तर 'कोणतं फूल सुंदर' हा प्रश्न नंतरचा. आपण झाडांजवळ बसणार कधी, हे आधी ठरवायला हवं. दुपारी इथे चिटपाखरू बाहेर नसतं. मग दुपारी देखणी दिसणारी बाग कुणासाठी करायची?

हे मला उशिरा कळलं. आठ वर्षांपूर्वी गच्ची हाताशी आली तेव्हा मी फोटोतल्या बागेच्या मागे लागले. पेटुनिया, डेलिया, आणि एका नर्सरीतून हौसेने आणलेलं निळं हायड्रेंजिया. जानेवारीत गच्ची अशी फुलली की शेजारच्या काकू खास बघायला आल्या. होळीनंतर एकेक कुंडी करपू लागली. हायड्रेंजियाला मी दिवसातून तीनदा पाणी घातलं, बाथरूममध्ये नेऊन ठेवलं, तरी एप्रिलात ते गेलं. फार वाईट वाटलं होतं. थंड, दमट डोंगरातलं झाड मी वऱ्हाडात आणलं, चूक त्याची नव्हतीच.

आई तेव्हा एवढंच म्हणाली, "त्याला आपला उन्हाळा सोसायचा नाही गं. मोगरा लाव." आईच्या परसात काय होतं? तगर, कण्हेर, जास्वंद, गोकर्ण, सदाफुली आणि न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली गुलबक्षी. लहानपणी मला ती बाग साधी वाटायची. आता वाटतं, तिने प्रत्येक झाड आपलं ऊन ओळखून लावलं होतं.

मोगऱ्याबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहिते, कारण 'पानं भरपूर, कळी नाही' ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकू येते. संक्रांत झाली की त्याचं पाणी तोडायचं. कुंडीत असेल तर आठ-दहा दिवस पुरतात. पानं पिवळी पडू लागली की जीव कासावीस होतो, पण थांबायचं. मग छाटणी, चांगली सढळ हाताने. मोगऱ्याला कळी येते ती नव्या फुटीवर, जुन्या काड्या जपून काही हाती लागत नाही. मुळाजवळची माती हलकी करून शेणखत द्यायचं, पोटभर पाणी द्यायचं आणि कुंडी उन्हात ठेवायची. होय, उन्हात! लोक मोगरा सावलीत ठेवतात आणि मग रुसला म्हणतात. पाडव्याच्या सुमारास माझ्याकडे पहिल्या कळ्या येतात. बहर ओसरला की शेंडे खुडायचे, महिनाभराने पुन्हा बहर येतो. टपोऱ्या कळ्या सूर्य कलल्यावर काढायच्या, निम्म्या ओल्या फडक्यात गजऱ्यासाठी, दोन-चार माठात. ते पाणी प्यायल्यावर मला दुसरं सरबत आठवत नाही.

पश्चिमेच्या भिंतीवर मधुमालती चढवली आहे. ती भिंत पूर्वी रात्री अकरापर्यंत भट्टीसारखी तापलेली असायची, आता वेलामुळे आतली खोली बरीच निवते. या वेलाचं एक रोज बघावं असं आहे. संध्याकाळी नवी फुलं उमलतात ती पांढरीशुभ्र. दुसऱ्या दिवशी ती गुलाबी होतात, मग लाल. एकाच झुपक्यात तिन्ही दिवस शेजारी शेजारी लटकलेले असतात. अंधार पडला की पांढऱ्या फुलांवर मोठे पतंग येतात, पंख इतके भरभर हलतात की दिसतच नाहीत. त्याच सुमाराला खाली गुलबक्षी पूर्ण उघडलेली असते.

पाण्याचं मला कळकळीने सांगायचंय. दुपारी मान टाकलेलं झाड तहानलेलंच असतं असं नाही. मोठ्या पानांची झाडं कडक उन्हात तशीच मलूल होतात. माती ओली असेल तर हात आखडता घ्या, ऊन उतरल्यावर ती आपोआप उभी राहतात. माझ्या दोन जास्वंदी पाणी कमी पडून गेल्या नाहीत, मी घाबरून पाणी ओतत राहिले म्हणून मुळं कुजून गेल्या. आणि उन्हात पडलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी हातावर घेऊन बघा, चटका बसतो. ते आधी बादलीत सोडायचं.

दुसरं म्हणजे आपली काळी माती. सुकली की आक्रसते आणि कुंडीच्या कडेला बोटभर फट पडते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. बशी भरलेली दिसते, मुळं मात्र कोरडी. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवावी लागते. कुंडी भरतानाच शेणखत आणि जाडसर रेती मिसळलेली बरी. मी वर पालापाचोळ्याचा चांगला जाड थर देते, आणि काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या सोडून मातीच्याच वापरते. त्या पाझरतात आणि गार राहतात.

उन्हाळ्यात टँकर मागवून लॉन हिरवं ठेवणं मला पटत नाही. ज्यावर एप्रिल-मेमध्ये दिवसभर पाय ठेवता येत नाही अशा गवताला इतकं पाणी? तिथे एखादा बहावा लावा. भर उन्हात पिवळाधमक फुलतो, आणि एकदा मुळं खोल गेली की त्याला फारसं पाणी लागत नाही.

मैत्रिणीने सातला फोन केला. मोगरा, मधुमालती, गुलबक्षी सगळं दाखवलं. ती म्हणाली, "वास तेवढा इकडे पाठव." गुलबक्षीचं काळं बी डबाभर काढून ठेवलंय, पिवळी, गुलाबी, दोन्ही रंग मिसळलेली, असं एकत्रच. अकोल्यात कुणाला हवं असेल तर पाऊस पडायच्या आत कमेंटमध्ये सांगा.