आमच्या वाट्याला मेहनत आली, खुराक नाही

परवा पतसंस्थेत नाण्यांची पिशवी उचलून तिजोरीत ठेवली आणि परत काउंटरवर येऊन बसले. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, शिपायाला हाक मारायची ना!" तेव्हा लक्षात आलं, गेल्या कित्येक महिन्यांत मी काही उचलायसाठी कुणालाच हाक मारलेली नाही. त्यावर सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. पोस्ट मोठी आहे. माझ्या वयाच्या बायकांनी तरी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

मी ५१ वर्षांची. सांगलीत राहते, पतसंस्थेत नोकरी करते. सव्वा वर्षापासून जिममध्ये वजनं उचलते. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी सहा ते सात. मागच्या सोमवारी ६० किलोची डेडलिफ्ट मारली, म्हणजे जमिनीवरचा रॉड दोन्ही हातांनी धरून सरळ उभी राहिले. माझं स्वतःचं वजन ६२ आहे.

दोन वर्षांपूर्वी नणंदेकडे सवाष्ण म्हणून जेवायला गेले होते. पाटावर मांडी घालून बसले, जेवण झालं, आणि उठायची वेळ आली तेव्हा एक हात जमिनीला, एक हात भिंतीला, तरी उठता येईना. शेवटी नणंदेच्या सुनेनं काखेत हात घालून उठवलं. त्याच आठवड्यात आई अंघोळीच्या स्टुलावरून उठू शकली नाही. पडली नाही, लागलं नाही, फक्त उठता आलं नाही. माझा मुलगा कॉलेजातून येईपर्यंत ती ओल्या अंगानं तशीच बसून होती. आई माझ्याकडेच असते. तिचं वय तेव्हा ७६. तिचे आणि माझे गुडघे एकाच रस्त्यानं चाललेत हे मला त्या रात्री दिसलं आणि झोप लागली नाही.

डॉक्टरांकडे गेले. वजन कमी करा, चालायला जा, कॅल्शियम घ्या. सल्ला चुकीचा नव्हता. पण चालत तर मी दहा वर्षं होतेच. आयुष्यभर मला सगळ्यांनी वजन कमी करायला सांगितलं. ताकद वाढवा, असं पन्नास वर्षांत एकाही माणसानं सांगितलं नव्हतं.

घरात जिमचा विषय काढल्यावर पहिलं वाक्य आलं ते हेच, की घरकाम करतेस तोच व्यायाम आहे की. हे वाक्य मीही वर्षानुवर्षं म्हणत आले. त्यावर मला आता खूप बोलायचं आहे.

१९८७-८८ ची गोष्ट. माझा धाकटा भाऊ गल्लीतल्या तालमीत जायला लागला. पहाटे पाचला उठून लाल मातीचा हौदा खणायचा, जोर मारायचे, बैठका काढायच्या. आठवड्याला वस्ताद आकडा वाढवायचे. पन्नास बैठकांच्या साठ, साठाच्या पंच्याहत्तर. घरी आला की त्याच्यासाठी लिटरभर दूध, भिजवलेले बदाम सोलून वाटलेले, वर तूप. दुपारी तो झोपला की आप्पा आम्हाला दटावायचे, "आवाज करू नका, पोरगं मेहनत करून आलंय." मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. पहाटे पाचला मीही उठलेली असायचे. आडाचं पाणी शेंदून हौद भरायचा, सगळ्यांची धुणी, शेणघाण. मेहनत दोघांचीही होती. पण त्याच्या मेहनतीला आकडा होता, खुराक होता, आराम होता. माझ्या मेहनतीला यातलं काहीच नव्हतं. त्याची छाती भरली. माझी पाठ पंचविशीतच दुखायला लागली.

भावाबद्दल तक्रार नाही. तो गुणाचा आहे, आणि जिमची पहिली वर्षाची फी त्यानंच भरली. मला सांगायचं आहे ते वेगळंच. ताकद नुसत्या कष्टानं येत नाही. कष्टानंच येत असती तर आपल्या भागात ऊस तोडायला येणाऱ्या बायका सगळ्यात धडधाकट असत्या. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणारी बाई बघा. एवढं ओझं माझ्या जिममधला एकही पोरगा दिवसभर वाहू शकणार नाही. आणि तीच बाई पन्नाशीला वाकलेली असते. आमची आज्जी रोज जातं ओढायची. तिच्या दंडाची गोष्ट सगळे कौतुकानं सांगतात, पण साठीत ती काठीशिवाय चालत नव्हती हे कुणी सांगत नाही. व्यायामानं स्नायूला ताण बसतो, आणि तो भरून येतो झोपेत, विश्रांतीत, ताटातल्या प्रथिनांवर. ताण रोजचा आणि भरपाई शून्य असली की माणूस झिजतो. घरकाम तसंच आहे. तीच कळशी, तीच कंबर, तोच उजवा हात, वीस वर्षं. वजन चढत नाही, विश्रांती मिळत नाही, कुणी मोजत नाही.

स्नायूंचं म्हणाल तर तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात, साठीनंतर जास्तच. पाळी गेल्यावर हाडांची झीजही वेगानं होते. २०२० च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलंय, मोठ्या माणसांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा, चालणं-फिरणं वेगळं, त्याच्यावर हा. पासष्टीनंतर तोल आणि ताकदीचा व्यायाम तीन दिवस. मी हे वाचलं तेव्हा मला रागच आला. पासष्टीनंतर जास्त? आम्ही तर पासष्टीनंतर "आता बसा निवांत" म्हणतो.

पहिली जिम चुकली, तेही सांगते. नाव लिहीत नाही. तिथल्या मुलानं काही न विचारता दुसऱ्याच दिवशी खांद्यावर रॉड दिला, कमरेत उसण भरली, पंधरा दिवस अंथरुणात. घरचे म्हणाले, झालं समाधान? मला वाटलं, संपलं.

दुसरीकडे गेले ती एका मुलीची जिम. वय असेल अठ्ठावीस. तिनं पहिला अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. बीपी आहे का, बाळंतपणं कशी झाली, शिंकताना लघवी होते का, गुडघा कुठल्या बाजूनं दुखतो. पंधरा दिवस रॉडला हात लावू दिला नाही. खुर्चीवर बसा-उठा, भिंतीला जोर, पाच किलोचं डंबेल छातीशी धरून बैठक. तुम्ही जिम शोधाल तेव्हा मशिनं बघू नका, शिकवणारा आधी तुम्हाला विचारतो का ते बघा. बीपी, हाडांची झीज, अंग बाहेर येण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.

मग एक दिवस रॉड. बायकांचा हलका रॉड १५ किलोचा असतो. मधल्या भागावर बारीक खरखरीत नक्षी असते, हातात घट्ट बसते आणि तळव्याला घट्टे पाडते. "काकू, पायांनी जमीन ढकला. रॉड ओढू नका, जमीन खाली ढकला." मी ढकलली. पाठीतून, मांड्यांतून, टाचेपर्यंत काहीतरी एकदम जागं झालं आणि मी रॉड घेऊन उभी होते. तिनं वहीत तारीख टाकून लिहिलं, १५ × ८, म्हणजे १५ किलो आठ वेळा. माझ्या आयुष्यात माझ्या शरीराबद्दल कुणीतरी पहिल्यांदा असा आकडा लिहिला होता, जो वजनकाट्याचा नव्हता आणि साखरेचाही नव्हता.

दोन महिन्यांत १५ चे ३० झाले. आरशात फरक शून्य. मी विचारलं तर ती म्हणाली, सुरुवातीचे आठवडे स्नायू फारसे वाढत नाहीत, जे आहेत त्यातले जास्तीत जास्त एका वेळी कामाला लावायला मेंदू शिकतो. मला हे फार भावलं. ताकद होती आत. तिला हाक मारायला कुणी शिकवलं नव्हतं.

त्याच सुमारास एकदा गॅसवाला टाकी जिन्याखाली ठेवून गेला. मी टाकीच्या मानेजवळच्या पट्टीवर रिकामं वजन वाचलं, १५.३. त्यात गॅस १४.२. साडेएकोणतीस. आदल्या दिवशी ३० आठ वेळा उचललेले होते. म्हणजे हे मला झेपतं, असा अंदाज नव्हता, हिशेब होता. पाय रोवले, पाठ सरळ, टाकी अंगाशी घेतली आणि एकेक पायरी करत वर आणली. ओट्यापाशी ठेवली आणि उगीच तिच्याकडं बघत उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं. ज्यांनी आयुष्यभर "अहो, कुणी आहे का?" असं विचारलंय त्यांनाच कळेल का आलं ते.

आत्मविश्वास म्हणतात तो मला असा आला. मी रोखपाल आहे, माझा विश्वास नोंदीवर. अकरा वर्षं संस्थेतले मला "शाखाधिकारी हो" म्हणत होते आणि मी दरवेळी "मला नाही झेपायचं" म्हणून मागं सरायचे. झेपणं हा शब्द मुळात ओझ्याचाच आहे. वहीत ४५ चा आकडा लिहिला त्या महिन्यात पुन्हा विचारणा झाली. मी म्हटलं, करते. कुणाला हा संबंध ओढूनताणून लावलेला वाटेल. मला वाटत नाही. आज न झेपलेलं वजन सहा आठवड्यांनी झेपतं हे ज्या बाईनं स्वतःच्या हातांनी दहा वेळा बघितलंय, ती "मला जमत नाही" याच्यापुढं आपोआप "अजून" लावायला लागते.

आणि उत्साह. खरं सांगते, पहिले तीन आठवडे जास्त थकले. जिना उतरताना मांड्या थरथरायच्या. मग हळूहळू संध्याकाळ परत मिळाली. आधी साडेपाचला घरी आले की सोफ्यावर पडायचे, स्वयंपाक म्हणजे डोंगर. आता नाही. याचंही गणित सरळ आहे. तुमची ताकद जेमतेम तीस किलोची असेल तर पंधरा किलोची बाजाराची पिशवी म्हणजे अर्धी ताकद खर्च. साठची झाली की तीच पिशवी पाव ताकदीत. दिवस तोच, कामं तीच, पण प्रत्येक काम स्वस्त झालं. झोपही गाढ लागते. जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायूच शोषून घेतात, त्यामुळं मधुमेहाच्या काठावर असलेल्यांनी तर हे नक्की डॉक्टरांशी बोलावं.

खाण्याचं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशेबानं दर किलोमागं दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे मला किमान ५१. मी आठवडाभर लिहून काढलं तर जेमतेम ३५ भरत होती. सकाळी पोहे, दुपारी भाकरी-भाजी, रात्री सगळ्यांना वाढून उरलेली आमटी. आता सकाळी दोन अंडी, दुपारी मटकीची नाहीतर हरभऱ्याची उसळ वाटीभर, दही, मूठभर शेंगदाणे. डबे-पावडर काही नाही. आमटी आधी माझ्या ताटात वाढून घेते. ही सवय लावायला मला रॉड उचलण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

"बायकांनी वजन उचललं की पुरुषासारख्या दिसतात" म्हणणाऱ्यांना काय सांगू. तसे दंड यायला पुरुषांचे हार्मोन लागतात, ते आपल्यात फार कमी असतात. बाकी २००० साली सिडनीला ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा बायकांची वेटलिफ्टिंग ठेवली आणि त्याच वर्षी कर्णम मल्लेश्वरीनं दोन प्रकारांत मिळून २४० किलो उचलून भारताला ब्राँझ आणून दिलं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, टीव्हीसमोर बसून टाळ्या वाजवल्या आणि ती कुठल्या तरी वेगळ्याच मातीची आहे असं समजून उठले. आमच्या सांगलीचा संकेत सरगर, पानटपरीवर वडिलांना मदत करत २०२२ ला राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगचं रौप्य घेऊन आला, सगळ्या गावानं मिरवणूक बघितली. त्याच वर्षी त्याची धाकटी बहीण काजोल खेलो इंडियात ४० किलो गटात सोनं घेऊन आली होती. त्या घरात पोरीच्या हातातही रॉड दिला गेला, मला त्याचं फार मोल वाटतं.

आता आईबद्दल. १९९० मध्ये अमेरिकेत बोस्टनला एका वृद्धाश्रमातल्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला होता. वयं ८६ ते ९६. त्यांची पायाची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली, दोघांची काठी सुटली. हे वाचून मी आईला खुर्चीवर बसवलं. खाली दोन उशा. हात छातीवर, पाच वेळा उठायचं. ती म्हणाली, "मला आता काय मैदान मारायला पाठवतेस का?" पहिल्या दिवशी तीनदा उठली. महिन्यानं एक उशी काढली. तिसऱ्या महिन्यात दुसरी. आता हातात पाण्याच्या लिटरच्या दोन बाटल्या धरून दहा वेळा उठते, आणि मी ऑफिसातून आले की आधी आकडा सांगते. स्टूल अजून तोच आहे. गेल्या दिवाळीला पहिल्या अंघोळीला तिनं दार आतून लावून घेतलं. मी बाहेर थांबले होते, हाक मारली नाही.

परवा रात्री पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर बदाम भिजत घातलेले. माझा भाऊ तालमीत जायचा तेव्हा याच पितळी वाटीत भिजायचे. मला वाटलं माझ्यासाठी घातलेत. शेजारी झाकणाखाली आणखी एक वाटी होती. सकाळी तिनं माझी माझ्या हातात दिली आणि दुसरी घेऊन आपल्या खुर्चीवर जाऊन बसली.