‘बिनत्रासाचे कासव’ : एका लोकप्रिय संदेशाचा प्रतिवाद

कासव पाळण्याविषयीचा एक संदेश सध्या हातोहात पुढे पाठवला जात आहे. त्याचा सारांश असा : कासव हा सर्वांत बिनत्रासाचा प्राणी आहे, सगळी कासवे सारखीच असतात, त्याला पाण्याच्या टबात ठेवावे, काकडी, टोमॅटो आणि पाव घालावा, थंडीत खोक्यात झोपू द्यावे, कवचाला अधूनमधून तेल चोळावे आणि वय हवे असल्यास पाठीवरची वलये मोजावीत. यांतले शेवटचे विधान नुसतेच चुकीचे आहे. इतर काही मात्र कासवाच्या जिवावर बेतणारी आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांचे मूळ ‘सगळी कासवे सारखीच’ या वाक्यात आहे.

म्हणून ओळखीपासून सुरुवात करणे भाग आहे. जमिनीवरच्या कासवाचे मागचे पाय खांबासारखे जाड असतात आणि बोटांमध्ये पडदा नसतो. गोड्या पाण्यातल्या कासवांचे पाय पडदेदार आणि कवच बहुधा चपटे असते. केवळ घुमटाकार कवचावरून निष्कर्ष काढू नये, कारण बॉक्स टर्टलचे कवचही घुमटाकार असते, पण ते तळ्यातल्या कासवांच्या कुळातले आहे. पाळीव म्हणून आढळणाऱ्या जमिनीवरच्या जातींमध्ये पुढच्या पायांना चारच नखे असतील, तर ते बहुधा रशियन कासव असते. शेपटीच्या टोकाला नखासारखा टणक काटा असेल, तर हर्मन कासवाचा विचार करावा. तो नसून मांड्यांवर शंकूसारखे उंचवटे असतील, तर ग्रीक कासवाचा. मानेच्या वरचा अरुंद खवला नाही आणि काळपट कवचावर पिवळ्या रेषा चांदणीसारख्या फाकलेल्या आहेत, असे दिसल्यास ते तारा कासव असण्याची शक्यता मोठी आहे. तोच खवला सुलकाटा या आफ्रिकेतल्या मोठ्या कासवालाही नसतो, पण त्याचे कवच वाळूच्या रंगाचे असते. तळहातावर मावणारे त्याचे पिल्लू पुढे पन्नास किलोंच्या आसपास जाऊ शकते, हे घरात आणल्यावर कळणे परवडणारे नाही. शिवाय २०१९ साली तारा कासव साइट्स कराराच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने घालणाऱ्या कराराच्या, सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात गेले, त्यामुळे ओळख पटवण्याला कागदपत्रांचीही बाजू आहे. शंका असल्यास कवच वरून, पोटाकडून आणि शेपटीकडून स्पष्ट दिसेल अशी छायाचित्रे काढून सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जाणकार पशुवैद्याला दाखवावीत.

टबाचा सल्ला पाण्यातल्या कासवांपुरता आहे, आणि तोही अपुरा, कारण त्यांनाही अंग शेकायला कोरडी जागा लागते. जमिनीवरचे कासव खोल पाण्यात बुडून मरते. संदेशात सत्याचा एक अंश आहे तो एवढाच, की हनुवटीच्या खाली राहील इतक्या कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवलेले कासव पाणी पिते आणि मलमूत्र टाकते. त्या वेळी पाण्यात पडणारा पांढरा साका जरूर पाहावा : तो मऊ, सायीसारखा असेल तर ठीक, वाळूसारखा खरखरीत असेल तर प्राण्याला पाणी कमी पडते आहे.

थंडीतल्या झोपेबाबतचा सल्ला सर्वांत घातक आहे. सुलकाटा, तारा आणि लाल पायांचे कासव या उष्ण प्रदेशातल्या जाती शीतनिद्रा घेतच नाहीत. त्यांना थंडीत ठेवणे म्हणजे आजारी पाडणे. हर्मन किंवा रशियन कासव ती घेते, पण त्यासाठी तापमान पाच अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर राहावे लागते आणि आतडी आधीच रिकामी झालेली असावी लागतात. बारा-पंधरा अंशांच्या खोलीत खोक्यात ठेवलेले कासव धड जागे नसते, धड झोपलेले नसते. शरीरातला साठा संपत राहतो आणि पोटातले अन्न कुजते. नव्याने आलेल्या, प्रकृतीचा अंदाज नसलेल्या कासवाला पहिल्या वर्षी शीतनिद्रेत घालू नये, हेच शहाणपणाचे.

आहाराविषयी थोडक्यात : गवत खाणाऱ्या किंवा पानांवर जगणाऱ्या बहुतेक जातींना भरपूर तंतू, कमी प्रथिने आणि फॉस्फरसपेक्षा जास्त कॅल्शियम लागते. काकडीत पाणीच जास्त, टोमॅटोत साखर, आणि पावाला त्यांच्या आहारात स्थानच नाही. कीटकनाशक न मारलेली रानटी पाने व गवत हा मुख्य आहार असावा. लाल पायांचे कासव फळे आणि थोडे प्राणिजन्य अन्नही खाते, म्हणजे इथेही जात आधी पाहावी लागते.

तेल चोळण्यामागे कवच हे निर्जीव झाकण आहे, असा समज आहे. प्रत्यक्षात ते फासळ्या आणि मणके जुळून झालेले जिवंत हाड आहे, वर केराटिनचा, म्हणजे आपली नखे ज्याची बनतात त्या पदार्थाचा, थर आहे आणि त्याला स्पर्श व वेदना कळतात. त्याची निगा बाहेरून नव्हे, प्रकाश, आहार आणि ओलाव्यातून राखली जाते. उन्हातल्या यूव्हीबी या अतिनील किरणांशिवाय त्वचेत ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि कॅल्शियम शोषले जात नाही. खिडकीची काच हे किरण अडवते, त्यामुळे काचेआडच्या उन्हात ठेवून भागत नाही. पिल्लांच्या पाठीवर येणारे पिरॅमिडसारखे उंचवटे फक्त प्रथिनांमुळे येतात, असे पूर्वी सांगत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, सुलकाटा पिल्लांवरील अभ्यासात कोरड्या हवेचा परिणाम अधिक ठळक दिसला.

राहिली वलये. ती वाढीच्या वेगाची खूण आहे, वर्षांची नव्हे. भरपूर अन्न मिळणाऱ्या पाळीव कासवाच्या कवचावर एका वर्षात एकाहून अधिक वलये उमटू शकतात आणि म्हाताऱ्या कासवाची झिजून जातात. आधीच्या मालकाकडून मिळेल तेवढी माहिती लिहून घ्यावी, पहिल्याच आठवड्यात विष्ठेची कृमींसाठी तपासणी करून घ्यावी आणि कासव हाताळल्यावर साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूच्या भीतीने नव्हे, सवयीने साबणाने हात धुवावेत. दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करून नोंदवावे. ते सलग घटत गेले, किंवा नाकातून बुडबुडे येऊ लागले, तर वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे, कारण कासवाला आपल्यासारखे खोकून छाती मोकळी करता येत नाही.