रूट पासवर्ड का देत नाही, त्याचं उत्तर

नमस्कार साहेब, रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की सर्व्हर आमच्या पैशाचा, तरी तो सांभाळणारे हे लोक रूट पासवर्ड, म्हणजे सर्व्हरवर काहीही करायची मुभा देणारा मुख्य पासवर्ड, देत नाहीत, आमचं डेव्हलपर पोरगं कामाला अडून बसतंय आणि अकाउंटच्या मॅडमना डेटाबेसमध्ये एक आकडा पण बदलता येत नाही. एक स्टार दिलाय तो राहू दे, पण कोल्हापुरातले बाकीचे धंदेवाले पण हे वाचतात म्हणून इथंच लिहितोय.

सर्व्हर तुमचाच आहे. अकाउंट तुमच्या कंपनीच्या नावावर, रूटची की पेन ड्राइव्हमध्ये घालून बंद पाकिटात तुमच्या हातात दिलीय, पोचपावतीवर सही आहे तुमची. उद्या आमच्याशी पटलं नाही तर ती घेऊन दुसरीकडं जा, कोण अडवणार नाही. आम्ही नको म्हणतोय ते रोजच्या कामाला रूट वापरायला. गुजरीत सराफाच्या दुकानात काउंटरवरचा पोरगा कितीही विश्वासाचा असला तरी तिजोरीची किल्ली मालकाकडंच असते की, त्यात त्या पोराचा अपमान नसतो.

आता त्या दिवशीचं. फोटो अपलोड होईनात म्हणून तुमच्या डेव्हलपरनं रूट मागितलं. बघितलं तर मूळ भानगड हीच की जुन्या सर्व्हरवर सगळं रूटनंच टाकलं होतं, म्हणजे फोल्डरचा ओनर रूट, आणि वेबसर्व्हर चालतो वेगळ्या साध्या यूजरनं, तो तिथं लिहिणार कसा? अशा वेळी लई जण सरळ फोल्डरला ७७७ परमिशन (सगळ्यांना सगळं खुलं) मारून मोकळे होतात, एरर जातो खरा पण सर्व्हरवरच्या कुठल्याही यूजरला तिथं काहीही लिहायची मुभा मिळते. आम्ही ओनर बदलला, परमिशन ७५५ केली (म्हणजे लिहायचं ते फक्त ओनरनं), अपलोड सुरू झालं, रूट कुणाला द्यावंच लागलं नाही.

डेव्हलपरच्या रोलमध्ये, म्हणजे त्याला नेमून दिलेल्या परवानग्यांत, कोड टाकणं, लॉग (सर्व्हरवर काय झालं त्याची नोंद) बघणं आहे, आणि सुडोमधनं (ठरावीक कमांडपुरता रूटचा अधिकार) फक्त तुमच्या ॲपची सर्व्हिस रिस्टार्ट करता येते, त्याला आम्हाला फोन करायची पण गरज नाही. फायरवॉल आणि बॅकअपला त्याचा हात लागत नाही. मॅडमना डेटाबेस रीड-ओन्ली, म्हणजे नुसता बघायला, दिलाय कारण बिलातला आकडा बदलायचा तर बिलिंग सॉफ्टवेअरमधनं बदला, तिथं कुणी कधी बदलला याची नोंद राहते, थेट टेबलात बदलला तर ती नोंद होत नाही.

आणि एकच पासवर्ड चार जणांत फिरला की लॉगमध्ये नुसतं रूट, रूट दिसतं. त्यातला एक नोकरी सोडून गेला तर सगळ्यांसाठीच पासवर्ड बदलत बसायचं, वेगळे यूजर असले की फक्त त्याचा बंद केला की झालं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशात लॉग १८० दिवस ठेवायला आणि हॅकिंगसारखी घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायला सांगितलंय. आत कोण होतं हेच माहीत नसेल तर कळवणार काय?

अजून कुठं काम अडतंय ते तुमच्या पोराला लिहून पाठवायला सांगा, तेवढ्या कमांडची परवानगी त्याच्या रोलमध्ये घालून देतो, वेगळे पैसे नाहीत. फक्त मेल तुमच्या स्वतःच्या आयडीवरनं आला पायजे.