चहा काय रॉकेलात करतात?

डोकं फिरलंय म्हणून लिहायला बसलेय, लांबण लागणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे जा.

आज आमच्या कोकणातल्या वाडीत महिला मंडळाचं चैत्रातलं हळदीकुंकू होतं. आंबाडाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, सगळं नेहमीसारखं. फक्त यंदा कोणाच्या तरी डोक्यात आलं की नुसतं हळदीकुंकू काय करायचं, आरोग्यावर पण काहीतरी ठेवूया. म्हणून मुंबईची एक हायड्रेशन कोच आणली. (असं पद असतं हे मला आजच कळलं.) डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ पण नाही, कोच. बोलायला गोड होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण पन्ह्याचा ग्लास हातात धरून तिने सांगितलं की दिवसाला तीन लिटर साधं पाणी प्यायलंच पाहिजे आणि चहा, कॉफी, ताक, सोलकढी, पेज, हे पन्हं, यातलं काहीही त्यात धरायचं नाही. झीरो. चहा तर मायनस, म्हणजे कपभर चहा प्यायलात की तेवढं पाणी अंगातून गेलं, ते वरून भरून काढायचं. बायका वहीत लिहून घेत होत्या हो!

मी गप्प बसले, पाहुणी होती. पण संध्याकाळी शेजारच्या काकी पडवीत बसलेल्या दिसल्या, पुढ्यात दोन मोठ्या बाटल्या. पंचाहत्तरी पार केलेली बाई. मला म्हणतात, "म्हणजे येवढी वर्सां मी तानेलीच होतंय काय गो?"

हसू आलं आणि लगेच राग आला. कारण काकींचा दिवस मला पाठ आहे. उठल्या की गूळ घातलेला कोरा चहा, नऊच्या आसपास वाडगाभर उकड्या तांदळाची पेज आणि लोणच्याची फोड, दुपारी आमटीभात, वर सोलकढी नाहीतर ताक, चारला परत चहा, आणि मधेमधे तांब्यातलं पाणी लागेल तसं. ही बाई तहानलेली? तर आता ती बाई "कमी पडलेलं" पाणी रात्री झोपेपर्यंत पिऊन पुरं करणार. त्यांचा संडास मागच्या दारी, खळं ओलांडून, गुडघे हे असे. रात्री तीनदा उठून अंधारातनं जाताना पडली बिडली, खुबा मोडला तर ती कोच येणारे का मुंबईहून डबा घेऊन?

मला हे सगळं ऐकताना आमचे अण्णाच, माझे वडील, आठवत होते. जुन्या मित्रमैत्रिणींना माहितीये, अण्णांचं हार्ट शेवटी शेवटी फार कमजोर झालं होतं. पायाला सूज, आडवं झालं की दम लागायचा. हॉस्पिटलात ठेवलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, दिवसभरात सव्वा लिटरच्या वर पाणी द्यायचं नाही. कॉटच्या पायथ्याशी तो तक्ता लावलेला असायचा, एका बाजूला पोटात किती गेलं, दुसऱ्या बाजूला लघवी किती झाली. तिथली सिस्टर आमच्याच तालुक्यातली, एकदम खमकी. अण्णांनी सकाळचा चहा घेतला की ती तक्त्यावर लिहायची, चहा १०० मिली. पेज दिली, पेज २०० मिली. अण्णा भडकले. म्हणाले, "डॉक्टरांनी पाणी मोजूक सांगल्यानी, चाय मोजूक खंय सांगल्यानी?" सिस्टरने मान पण वर केली नाही, लिहिता लिहिताच म्हणाली, "आजोबा, तुमच्याकडे चाय काय रॉकेलात करतत?"

अख्खा वॉर्ड हसला, अण्णा पण हसले.

आता मला सांगा, जेव्हा पाणी कमी करायचं असतं तेव्हा चहा मोजतात, पेज मोजतात, आमटी मोजतात, तोंडात धरलेला बर्फाचा खडा सुद्धा मोजतात. कारण अंगाला ते पाणीच असतं, जास्त झालं तर पायावर सूज आणि छातीत पाणी. मग पाणी वाढवायचं म्हटल्यावर तेच सगळं झीरो कसं काय होतं? हृदयाला चहा पाणी म्हणून कळतो आणि कोचच्या स्लाइडला कळत नाही?

आणि ते मायनसचं खूळ. चहात कॅफिन असतं, त्याने लघवी जराशी जास्त होते, बरोबर आहे. पण कपभर चहा पिऊन कपभराच्या वर बाहेर जात नाही, बहुतेक पाणी अंगातच राहतं, आणि रोज पिणाऱ्याच्या अंगाला तर त्या कॅफिनची सवय होऊन जाते. तसं नसतं तर आपल्याकडे पहाटे मचव्यावर मासेमारीला नुसत्या चहावर जाणारे लोक दुपारपर्यंत वाळून गेले असते.

हा आठ ग्लासांचा, तीन लिटरचा घोळ आहे तरी कुठला, तर मूळ बहुतेक असं: १९४५ साली अमेरिकेच्या फूड अँड न्यूट्रिशन बोर्डाने लिहिलं की मोठ्या माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं. आणि त्याला जोडूनच लिहिलं की यातलं बरंचसं जेवणातूनच मिळतं. लोकांनी पहिलं वाक्य उचललं, दुसरं तिथेच ठेवलं. त्यांचाच २००४ चा अहवाल आहे, बाईला २.७ लिटर आणि पुरुषाला ३.७, पण ते सगळं मिळून, साधं पाणी, चहा, दूध, सरबत, आणि साधारण पाचवा हिस्सा तर जेवणातून धरलाय. तो पण त्यांच्या जेवणातून, ब्रेडबिड खाणाऱ्यांच्या! आपल्या ताटातला शिजलेला भात घ्या, दोन तृतीयांश पाणीच आहे त्यात. वर आमटी, वर कढी. पेज म्हणजे तर विचारूच नका. काकडी, ताडगोळे, शहाळं, या दिवसात आपण दिवसभर पाणी खातोच आहोत.

बरं, हे पण लिहून टाकते नाहीतर कमेंटमध्ये लगेच कोणीतरी येईल. हो, चहात दोन दोन चमचे साखर घालून दिवसाला सहा कप पिणं चांगलं नाही, डायबेटिस घरोघरी आहे. हो, जेवणाला लागून चहा पिऊ नये, अन्नातलं लोह अंगात कमी शोषलं जातं, आपल्या बायकांचं हिमोग्लोबिन आधीच बोंबललेलं. आयसीएमआरने (सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) २०२४ ला तेच सांगितलंय, जेवणाआधी तासभर आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको, आणि दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅफिन नको. चहाच्या एका कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम असतं म्हणे, तेव्हा करा हिशेब. मुतखड्याच्या लोकांना डॉक्टर पाणी भरपूर सांगतात ते प्यावंच. म्हाताऱ्या माणसांना तहान कमी जाणवते हे पण खरं आहे, काकींना मधेमधे आठवण करून द्यायलाच हवी. साध्या पाण्यासारखं काही नाही, कोण नाही म्हणतंय? पण "साधं पाणी चांगलं" आणि "बाकीचं पाणीच नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी सरळ सरळ थाप आहे.

अजून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. त्या बाईने स्लाइडवर विचारलं, बायका पाणी कमी का पितात? आणि उत्तर काय, तर "अवेअरनेस नाही". अगं बाई, बंदरावर जा जरा. सकाळी लिलावापासून दुपारपर्यंत मासे घेऊन बसणारी बाई पाणी पीत नाही ते तिला कळत नाही म्हणून नाही, जायला जागा नाही म्हणून. एसटीने तालुक्याला जाणारी बाई आदल्या दिवसापासून पाणी तोडते कारण स्टँडवरच्या बाथरूमच्या दारात पाय ठेववत नाही. अडवून धरून धरून लघवीला जळजळ होते, मग डॉक्टर म्हणतो पाणी प्या. कोणीतरी एकदा बाटलीवर पाणी प्यायच्या वेळा छापण्याऐवजी बंदरावर चार संडास बांधा म्हणून सांगेल का? आणि प्यायचं पाणी तरी कुठे सगळ्यांच्या दारात आहे? आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, सगळा जांभ्यातनं झिरपून समुद्राला, आणि मे महिन्यात विहिरीत कळशी तळाला आपटते. टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला हायड्रेशन शिकवायला लाज वाटली पाहिजे.

असो, विषय भरकटला. जरा शांत होते.

अण्णांना घरी आणल्यावर आईला त्या सिस्टरने एक युक्ती शिकवली होती. सकाळी दिवसभराचं सगळं पाणी मोजून बाटल्यात भरून ठेवायचं. अण्णांनी चहा घेतला की त्या कपाएवढं पाणी बाटलीतनं काढून टाकायचं. आमटी घेतली, वाटीएवढं काढायचं. बाटल्या रिकाम्या झाल्या की दिवसाचं पाणी संपलं. आई ते पाणी फुकट कसं घालवणार, तो कप घेऊन अंगणात जायची आणि तुळशीत घालायची. अण्णा झोपाळ्यावरून बघत बसायचे. एकदा म्हणाले, "ह्या तुळशीक माझ्यापरास जास्त पाणी गावता." आई वळली पण नाही, म्हणाली, "एक चाय कमी पी, तुका पण गावतला."

तेव्हा आम्हाला त्यांची फार दया यायची. उन्हाळा हा असा, अंगाला नुसती चिकचिक, घाम सुकत नाही, आणि माणूस घोटभर पाण्यासाठी आईकडे बघतोय. आयुष्यभर आंब्याच्या बागेत राबलेला माणूस, कलमाखाली बसून एका दमात तांब्या रिकामा करायचा, ताक पण तसंच. शेवटच्या उन्हाळ्यात त्यांनी चहा सोडला नाही, पाणी सोडलं. म्हणायचे मोजूनच द्यायचंय ना, मग चहाच दे. आणि आई देत होती, मोजून, कारण तिच्या हिशेबात ते एकच होतं. चौथी शिकलेली बाई, तिला जे कळलं ते लॅपटॉप घेऊन आलेल्या बाईला कळू नये?

काकींकडे आत्ता जाऊन आले. सांगितलं, तुमची पेज, सोलकढी, दोन चहा, सगळं पाण्यात धरलंय मी, दिवसा तहान नसली तरी मधेमधे दोन घोट घेत जा, उन्हातून आलात तर ताकात मीठ घालून प्या, आणि संध्याकाळनंतर बाटल्या लावू नका. लघवी गडद पिवळी दिसली तर दिवसा पाणी वाढवा. पटलं असावं, कारण एक बाटली तिथल्या तिथे कुंडीत ओतली.

मंडळाच्या ग्रुपवर मी हे टाकणार आहे, कोणाला राग आला तर येऊ दे. आणि एक, ज्यांच्या घरी हार्टचा नाहीतर किडनीचा पेशंट आहे आणि डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलंय, त्यांनी हे तीन लिटरचं प्रकरण कानावर सुद्धा घेऊ नका. डॉक्टरांना किती मिली ते स्पष्ट विचारा, किडनीवाल्यांनी शहाळ्याचं वेगळं विचारा, त्यात पोटॅशियम असतं, ते किडनीवाल्यांना बाधू शकतं. बाटलीचा हिशेब कसा ठेवायचा ते हवं असेल तर इनबॉक्समध्ये या, आईच्या वहीतून उतरवून देते. त्यात आमटी, बर्फ, आइस्क्रीम, गोळीबरोबरचा घोट, सगळं आहे, आणि चहा सगळ्यात वर आहे.