आत्या, डबल डोस मागू नकोस

काल रात्री आत्याचा फोन. घसरून मनगट मोडलंय, परवा प्लेट बसवायचीय. "अगं, मला लहानपणी विंचू चावलाय. डबल डोस द्या म्हणून सांगू ना?" मग फॅमिली ग्रुपवरचा मेसेज वाचून दाखवला: हाताच्या ऑपरेशनला बधिर करायचं औषध जास्त मागा, जास्त औषध म्हणजे पक्की भूल, विंचू चावलेल्यांनी आणि दारू पिणाऱ्यांनी दुप्पट मागा, ब्लॉकने (चेतातंतूंजवळ औषध टोचून फक्त हात बधिर करतात, त्याने) हात कायमचा लुळा पडतो. मी भूलतज्ज्ञ आहे, हेच ब्लॉक रोज देते. ऐकून डोकंच फिरलं.

आधी 'दुप्पट'. बुपिव्हाकेन या बधिर करायच्या औषधाच्या ०.५ टक्क्यांच्या २० मिलीच्या बाटलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं. किलोमागे साधारण २ मिलिग्रॅमच्या वर आम्ही जात नाही. आत्या ४२ किलोची. म्हणजे ८४ मिलिग्रॅम, जेमतेम १७ मिली. तिला एक अख्खी बाटलीसुद्धा जास्त होते, आणि हे म्हणे दुप्पट करा! रक्तात औषध वाढलं की ओठ बधिर होतात, कानात गुणगुणतं, मग झटके येतात, हृदय बंद पडू शकतं. बुपिव्हाकेनने थांबलेलं हृदय पुन्हा चालू करताना आमची काय अवस्था होते, ते मेसेज लिहिणाऱ्याने एकदा येऊन बघावं.

आणि 'पक्की भूल'? २००८ साली ब्रिटिश जर्नल ऑफ ॲनेस्थेशियात एक अभ्यास आला. खांद्याच्या ऑपरेशनसाठी सोनोग्राफीवर बघत मानेजवळ ब्लॉक दिला, काहींना २० मिली, काहींना ५. वेदना दोन्हीकडे सारख्याच आटोक्यात. पण २० मिलीवाल्या सगळ्यांचा त्या बाजूचा श्वासपटल (छातीखालचा श्वास घ्यायचा स्नायू) तात्पुरता लुळा पडला, ५ मिलीवाल्यांपैकी ४५ टक्क्यांचा. मनगटाच्या ब्लॉकला ५ मिली पुरेल असं मी म्हणत नाही, ती जागा वेगळी. पण औषध चेतातंतूलगत पडलं की काम होतं, नुसतं ओतून नाही.

विंचवाचं मात्र अगदीच थाप नाही, मान्य. अशा रुग्णांत भूल उशिरा चढते किंवा लागतच नाही, हे आपल्याकडच्या भूलतज्ज्ञांनी छापून नोंदवलंय. पण नाही लागली तर पूर्ण भूल देतात, म्हणजे झोपवतात, मर्यादा ओलांडत नाहीत.

दारूने यकृत बिघडलं असेल तर हे औषध शरीरातून निघायलाच वेळ लागतो, दुप्पट कसलं देता! आणि ब्लॉकनंतर हात काही तास जड राहतो, तो उतरतो. कायमची इजा फार विरळ.

आत्या, परवा वजन खरं सांग, विंचवाचंही सांग. आणि सुई टोचल्यावर ओठांना मुंग्या आल्या किंवा कानात गुणगुणलं, तर संकोच करू नकोस, लगेच बोल.