फुल ऑल्ट केलं की आठवड्यात स्पीड डबल? नाही होत

ओसू (गाण्याच्या तालावर पडद्यावरच्या वर्तुळांवर म्हणजे नोट्सवर टॅप करायचा कंप्युटर गेम) खेळणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला जिकडेतिकडे फिरतोय. सिंगलटॅप, म्हणजे सलग वेगवान नोट्स सोडून बाकी सगळं एकाच बोटाने मारणं, आजच्या आज सोडा, प्रत्येक नोट आलटून पालटून दोन बोटांनी मारा म्हणजे फुल ऑल्ट, आठवड्यात स्पीड डबल, हात दुखला तर समजा मसल बनतायत, आणि तरी नाही जमलं तर रॅपिड ट्रिगरवाला कीबोर्ड घ्या. नवीन पोरं हे खरं मानतात आणि असलेला गेमही घालवून बसतात, म्हणून लिहितोय.

स्पीड डबलचं आधी बघू. १८० बीपीएमला (मिनिटाला १८० ठोके) वन-फोर स्ट्रीम, म्हणजे एका ठोक्यात चार अशा सलग नोट्स, तर सेकंदाला १२ टॅप, दोन बोटांत वाटले की प्रत्येकी ६, इथपर्यंत हिशोब बरोबर. पण अहो, स्ट्रीम तर सिंगलटॅपवालेपण दोन बोटांनीच मारतात! मग डबल काय होणार? फरक पडतो तो जंप्सना, म्हणजे लांब लांब ठेवलेल्या, ठोक्यात दोन येणाऱ्या नोट्सना, आणि १८० च्या जंप्स म्हणजे सेकंदाला ६, तेवढं एक बोट सरावाने करतंच. बीपीएम बराच वर गेला आणि एक बोट थकायला लागलं की मग ऑल्टचा खरा उपयोग.

आता "आजच्या आज सोडा". सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. सिंगलटॅपमध्ये मुख्य बोट ठोक्यावर पडतं, डोक्याला तीच सवय असते. फुल ऑल्टमध्ये एक ट्रिपल, म्हणजे पटापट तीन नोट्स, आलं, डावं-उजवं-डावं, की पुढची नोट उजव्यावर, म्हणजे कच्च्या, दुसऱ्या बोटालाही ठोका पकडता यायला हवा आणि तो त्याला येत नसतो. हिट एरर बार, म्हणजे टॅप किती लवकर-उशिरा पडला ते दाखवणारी पट्टी, नीट बघा, मधे एक दाट पट्टा दिसायच्या ऐवजी दोन गठ्ठे दिसतील, एक अर्ली एक लेट, म्हणजे एक बोट घाई करतंय आणि दुसरं मागे राहतंय. यूआर (टॅप्सचं टायमिंग किती विखुरलंय त्याचा आकडा) १५० म्हणजे साधारण १५ मिलिसेकंदांचा पसारा, ओडी (गाण्याची लेव्हल, म्हणजे मॅप, टायमिंगला किती कडक आहे तो आकडा) ८ ला ३०० साठी, म्हणजे नोटच्या पूर्ण गुणांसाठी, सूट मिळते ३२ च्या आसपास, त्यात भागतं. तोच यूआर २२० वर गेला की धडाधड १०० (कमी गुण) पडायला लागतात. म्हणून ऑल्ट शिकायचं तर १२०-१३० च्या सोप्या मॅप्सवर, रोज थोडा वेळ, कच्च्या बोटाने सुरुवात करून, ते दोन गठ्ठे एक होईपर्यंत बीपीएम वाढवायचा नाही. बाकीचा गेम सिंगलटॅपवरच खेळा, त्याने काही बिघडत नाही.

कीबोर्डचं थोडक्यात. रॅपिड ट्रिगरमध्ये बोट जरासं उचललं तरी कीबोर्डवरची की रीसेट होते, तो फायदा खराच आहे, पण कच्चं बोट कीवर जड पडून राहत असेल तर नको तिथे टॅप लागतात, आणि टायमिंग तुमचं तुम्हालाच बसवावं लागतं.

आणि दुखण्याचं तर कृपा करून ऐकू नका. बोटं हलवणारे मोठे स्नायू कोपराखाली असतात, तिथे थकवा आला तर ठीक, थोडं थांबा. मनगटात कळ आली, बोटांना मुंग्या आल्या तर त्या दिवशी गेम बंद, आणि दोन-चार दिवसांत गेलं नाही तर डॉक्टरला दाखवा.